बोटीवर जायबंदी झालेल्याचा दावा कोल्हापुरातच चालला पाहिजे

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. त्यासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकं मोर्चे काढले, उपोषणं केली. मागणीचा गाभा एकच होता: तारखेसाठी गरीब माणसाला मुंबईची वारी करायला लावू नका. बेंच मिळालं तेव्हा शहरानं आनंद साजरा केला, आणि तो रास्तच होता. पण कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवताना माझ्यासमोर एक वर्ग सतत येतो, ज्याच्यासाठी न्याय आजही पावणेचारशे किलोमीटरवरच आहे. मालवाहू जहाजांवर काम करणारी आपल्याच जिल्ह्यातली पोरं आणि त्यांच्या घरची माणसं.

माझं म्हणणं सरळ आहे. जहाजावर जखमी होणाऱ्या कामगारासाठी कागदावरचा कायदा आज बऱ्यापैकी भक्कम आहे. तो हरतो ते घरी परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा त्याच्या आसपास या कायद्याचं एक अक्षरही माहीत असलेला माणूस नसतो. म्हणून मदत बंदरात नको, त्याच्या जिल्ह्यात हवी, आणि दावा दाखल करण्याचा हक्कही त्याच्या राहत्या ठिकाणीच हवा.

कोल्हापूरला समुद्र नाही, मग ही उठाठेव इथं कशाला, असं कुणाला वाटेल. मालवणचं बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला १८१२ च्या तहात इंग्रजांच्या हाती जाईपर्यंत करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या, राज्याचे होते, हे इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. पण तेवढं मागं जायची गरज नाही. 'दहावी पास? मर्चंट नेव्हीत नोकरी' अशा जाहिराती आज तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत पोचल्या आहेत. गडहिंग्लज, कागल, शाहूवाडीकडची पोरं जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाच्या कामाचा, सहा महिन्यांचा कोर्स करतात, आगीशी सामना, जीव वाचवणं, प्रथमोपचार असे छोटे कोर्स करतात, सीडीसी हे खलाशाचं ओळखपुस्तक काढतात आणि एजंटकडे खेटे घालायला लागतात. पतसंस्थेचं कर्ज निघतं, आईचं सोनं गहाण पडतं, क्वचित जमिनीचा तुकडा जातो. मग एक दिवस फोन येतो, 'जॉइनिंग आलंय,' आणि पोरगं सिंगापूर नाहीतर फुजैराला बोट पकडायला विमानानं जातं. ज्यांनी उभ्या आयुष्यात समुद्र फक्त गणपतीपुळ्याला पाहिला, त्या आईवडिलांचा मुलगा वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असतो.

जहाजावर माणूस नेमका कशानं जायबंदी होतो, हे घरच्यांना क्वचितच माहीत असतं. वादळ, चाचे, बुडणं एवढंच डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात माणसं जखमी होतात ती रोजच्या कामात. जहाज धक्क्याला लावताना मनगटाएवढ्या जाड दोरांवर कित्येक टनांचा ताण असतो. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, आणि तुटला की साठलेला सगळा जोर घेऊन उलटा फिरतो. माणसाला वाकायलाही वेळ मिळत नाही. पाय, बरगडी, कवटी, वाटेत येईल ते मोडतं. पूर्वी डेकवर रंगाचे पट्टे मारून धोक्याची जागा दाखवायचे. आता या धंद्यातलेच जाणकार सांगतात की दोर कुठून कसा फिरेल याचा भरवसा नाही, दोर ताणलेला असताना सगळा डेकच धोक्याचा समजा. असं असूनही तिथं उभं राहावं लागतं ते ओएस आणि एबी या सर्वांत खालच्या पायरीवरच्या पोरांनाच.

दुसरा मारेकरी डोळ्यांना दिसतच नाही. बंद टाकी, अँकरची साखळी ठेवायची खोली, लाकूड किंवा कोळसा भरलेला होल्ड, म्हणजे मालाची कोठी. गंजणारं लोखंड हवेतला ऑक्सिजन खातं, ओलं लाकूड आणि कोळसाही खातो. मोकळ्या हवेत २०.९ टक्के असलेला ऑक्सिजन तिथं इतका खाली गेलेला असतो की शिडीच्या चार पायऱ्या उतरताच माणूस कोसळतो. आपल्याकडे जुनी माणसं पडीक विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची, त्यामागं हेच शहाणपण होतं. जहाजावर त्यासाठी गॅस मीटर असतो, परवानगीचा कागद असतो, दर दोन महिन्यांनी सराव करायचा असा आंतरराष्ट्रीय नियम २०१५ पासून आहे. तरीही पोरं मरतात, आणि पुष्कळदा एकामागोमाग दोघं-तिघं मरतात. कारण पहिला पडलेला दिसला की दुसरा त्याला काढायला तसाच उडी घेतो. क्रूड तेलाच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे धोका टळला असं समजणारा नवखा पोरगा तिथंच संपतो.

इंजिन रूमचा उकाडा, गरम तेलानं भाजणं, कानांवर तासन्‌तास आदळणारा आवाज, टाकी धुताना नाकातोंडात जाणारी बेंझिनची वाफ, पश्चिम आफ्रिकेच्या बंदरातला मलेरिया, आणि महिनोन्‌महिने घर न दिसल्यानं पोखरत जाणारं मन, या सगळ्यांवर स्वतंत्र लिहिता येईल. मी थांबतो ते थकव्यापाशी, कारण बाकीच्या अपघातांच्या मुळाशी तोच असतो. आंतरराष्ट्रीय नियमानं चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. माणसं कमी, बंदरं जवळजवळ, माल उतरवायची घाई, अशा वेळी ती मिळत नाही आणि रजिस्टरमध्ये मात्र मिळाल्याचं लिहिलं जातं. खलाशी याला 'फ्लॉग करणं' म्हणतात. हे खोटं रजिस्टर पुढं दाव्यात कंपनीचाच पुरावा बनून येतं: बघा, माणूस ताजातवाना होता, चूक त्याचीच.

आणि जखम झाली तर? शंभर किंवा त्याहून जास्त माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावरच डॉक्टर असणं सक्तीचं आहे. मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसं असतात, म्हणजे डॉक्टर नाही. औषधांच्या पेटीची जबाबदारी बहुधा सेकंड ऑफिसरकडे असते. तो सॅटेलाइट फोनवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतो आणि टाके घालतो. हा सल्ला फुकट मिळतो. रोममधली एक संस्था तर १९३५ पासून हे काम करते आहे, आणि तिनं असंख्य जीव वाचवले असतील. पण चिरडलेला हात फोनवरून जोडता येत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत हात सापडला तर अर्ध्या तासात माणूस सीपीआर या सरकारी रुग्णालयात नाहीतर खासगी दवाखान्यात पोचतो. हिंदी महासागराच्या मधोमध पुढचं बंदर चार-पाच दिवसांवर असतं. जे बोट वाचलं असतं ते कापावं लागतं, आणि या उशिराची किंमत जन्मभर एकटा कामगार भरतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सागरी कामगार करार, २००६, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात, त्याला भारतानं ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली आणि वर्षभरानं तो आपल्याला लागू झाला. कामावर रुजू होण्याच्या तारखेपासून घरी पोचेपर्यंत झालेल्या आजारपणाचा आणि जखमेचा खर्च जहाजमालकानं करायचा. माणूस बरा होईपर्यंत किंवा आता यापुढं सुधारणा नाही असं डॉक्टर सांगेपर्यंत उपचार करायचे. देशाचा कायदा ही जबाबदारी मर्यादित करू शकतो, पण १६ आठवड्यांच्या खाली नाही. जहाजावर असेपर्यंत पूर्ण पगार, घरी परतल्यावरही ठरावीक काळ पगार. हे सगळं कंपनी मेहरबानी म्हणून देत नाही, कायदा म्हणून देते, हे घराघरांत पोचायला हवं.

त्याहून मोठी गोष्ट १८ जानेवारी २०१७ ला झाली. एमएलसीतल्या दुरुस्तीनं प्रत्येक जहाजावर विम्याचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणं सक्तीचं झालं. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर करारात ठरलेली रक्कम पूर्ण आणि विनाविलंब द्यायची. करारापेक्षा कमी घेण्यासाठी दबाव आणायचा नाही. अपंगत्व किती हे ठरायला वेळ लागत असेल तर तोवर अंतरिम रक्कम द्यायची. खलाशी, त्याचे वारस किंवा त्याचा प्रतिनिधी थेट विमा संस्थेकडे दावा करू शकतो. हे पैसे घेतल्यानं मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल वेगळा दावा करण्याचा हक्क जात नाही, आणि पावतीचा जो नमुना एमएलसीनंच जोडला आहे त्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

या ओळी मी मुद्दाम सविस्तर लिहिल्या, कारण माझ्या टेबलावर येणारे कागद वेगळंच सांगतात. गडहिंग्लजकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत सातबाराचा उतारा, सोसायटीच्या कर्जाचं पत्रक, मुंबईच्या दवाखान्याची फाइल, आणि इंग्रजीत टाइप केलेला एक कागद. मुलाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं दोर ओढायच्या विंच यंत्रात गेली होती. कागदावर डॉलरमध्ये एक आकडा होता आणि खाली लिहिलं होतं की या रकमेनं माझे सर्व हक्क, आजचे आणि पुढचे, ज्ञात आणि अज्ञात, संपुष्टात आले. एजंटच्या ऑफिसातून निरोप होता, सही केली तर आठवड्यात पैसे, नाही केली तर कोर्टात म्हातारा होशील. नोकरीच्या कराराची प्रत घरी नव्हती. ती मुलाच्या बॅगेत होती आणि बॅग जहाजावर राहिली होती. वडिलांनी एवढंच धोरण ठेवलं होतं की कुणाला तरी दाखवल्याशिवाय सही करायची नाही. प्रत मागवून घेतली तेव्हा दिसलं की करारातल्या तक्त्याप्रमाणे मिळणारी रक्कम त्या आकड्याच्या दुपटीहून जास्त होती. विमा संस्थेला थेट पत्र गेल्यावर बोलण्याचा सूर बदलला आणि काही महिन्यांनी पूर्ण रक्कम आली. यात माझी कसली करामत नव्हती. करार वाचणारा एक माणूस मध्ये उभा राहिला, एवढाच फरक. सही करून मग आलेल्यांची संख्या मात्र जास्त आहे, आणि त्यांना सांगताना जीभ जड होते.

परदेशी झेंड्याच्या जहाजाचा हा हिशेब झाला. पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड यांच्या झेंड्याखाली जगातला मोठा ताफा फिरतो, त्यामुळे आपली बहुतेक पोरं तिथंच असतात. भारतात नोंदलेल्या जहाजावर असाल तर १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होत आला आहे. तो आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, तरी आधीच्या अपघातांचे दावे त्याच्यावरच चालतात. या कायद्यात खलाशांसाठी चांगल्या तरतुदी होत्या. अपघात जहाजावरच झाला असेल तर वेगळी नोटीस द्यायची गरज नाही. मृत्यू झाला तर बातमी कळल्यापासून एक वर्षात दावा करायचा, आणि जहाजच सगळ्यांसह बुडालं तर अठरा महिन्यांत.

पण हिशेब बघा. पगार साठ हजार असो की सव्वा लाख, २०२० च्या अधिसूचनेनुसार गणिताला धरायचा तो महिना १५,००० च. पंचविशीतला मुलगा गेला तर १५,००० च्या निम्मे गुणिले २१६.९१, म्हणजे १६,२६,८२५ रुपये. अंगठा गेला तर परिशिष्टात ३० टक्के अपंगत्व, म्हणजे ५,८५,६५७ रुपये. ज्याच्या पगारावर घराचं कर्ज आणि बहिणीचं लग्न उभं होतं त्याच्या हाताची ही किंमत कायद्यानं ठरवलेली आहे. इथं एक गोष्ट वकिलांनीही लक्षात ठेवायला हवी. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पन्नास वर्षांपूर्वीच सांगितलं आहे की एक हात गमावलेला सुतार सुतारकामच करू शकत नसेल तर त्याचं नुकसान शंभर टक्के आहे. अंगठा नसलेला एबी जहाजावरच्या कामाच्या वैद्यकीय तपासणीत पास होत नाही. मग त्याचं नुकसान ३० टक्के कसं? हा मुद्दा दर दाव्यात ठामपणे मांडला पाहिजे.

आणि आता मूळ दुखण्याकडे. १९९५ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कामगाराला किंवा त्याच्या वारसाला आपण राहतो त्या ठिकाणच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे दावा करता येतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावर मेलेल्या कामगाराची बायको, बेंगळुरूच्या बांधकामावर मेलेल्याची बायको, दोघी कोल्हापुरात दावा लावू शकतात. पण जहाजावरच्या माणसाला भारताबाहेर अपघात झाला तर त्याच कलमातलं परंतुक, म्हणजे अपवादाची जोडओळ, जहाजाच्या मालकाचं किंवा एजंटचं ठिकाण, नाहीतर कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय दाखवतं. म्हणजे मुंबई. 'करता येईल' असे शब्द आहेत, 'करावाच लागेल' असे नाहीत, हा युक्तिवाद मी करतो. पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राची हरकत घेतो आणि त्या एका हरकतीत दोन वर्षं जातात. जिचा नवरा गेला त्या बाईनं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर बाकावर बसायचं आणि 'पुढची तारीख' ऐकून परत फिरायचं. वर्षभरात ती मिळेल त्या पैशावर सही करते. कंपनीला हेच हवं असतं.

बाकीची कार्यालयंही तिथंच. डीजी शिपिंग, म्हणजे केंद्राचं जहाजवाहतूक महासंचालनालय, कांजूरमार्गला, शिपिंग मास्टर आणि खलाशांचा भविष्य निर्वाह निधी बॅलार्ड इस्टेटला, युनियनची ऑफिसं मुंबईत. अॅडमिरल्टीच्या, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या, २०१७ च्या कायद्यानं जखमी खलाशाला परदेशी जहाज बंदरात अडकवून ठेवण्याचा जबरदस्त अधिकार दिला आहे. पगाराचा हक्क पहिल्या क्रमांकाचा, जीविताचा आणि जखमेचा दुसऱ्या. पण तो दावाही मुंबईतल्या मुख्य पीठापुढंच, आणि जखमेच्या बाबतीत जहाजावरचा हा बोजा, म्हणजे जहाजावर असलेला हा हक्क, साधारण वर्षभरात संपतो. वर्ष म्हणजे आपल्या घरांमध्ये एजंटच्या 'कंपनी बघतेय सगळं' या वाक्यावर विश्वास ठेवण्यात जाणारा काळ.

कंपन्यांचं म्हणणं मी ऐकलेलं आहे. पगार भरपूर मिळतो, जोखीम माहीत असूनच माणूस येतो. या म्हणण्यात तथ्य एवढंच की पगार गावातल्या कामापेक्षा जास्त असतो. जोखीम पत्करली म्हणजे तिची भरपाई सोडून दिली असा अर्थ कुठल्याही कामगार कायद्यात नाही. दुसरं म्हणणं जास्त गंभीर आहे: हक्क वाढवलेत तर परदेशी मालक भारतीय पोरांना घेणार नाहीत, दुसऱ्या देशांकडे वळतील. फिलिपिन्सकडे बघा. तिथल्या सरकारनं खलाशांसाठी प्रमाण करार सक्तीचा केला, अपंगत्वाचे दावे तिथल्या न्यायाधिकरणांत वर्षानुवर्षं चालतात, सप्टेंबर २०२४ मध्ये खलाशांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदाही झाला. तरीही जगातल्या जहाजांवर फिलिपिनो खलाशी पहिल्या रांगेत आहेत. मालक माणूस घेतो तो कामाच्या भरवशावर. आपलं सरकार जगातल्या खलाशांमधला भारताचा वाटा बारा टक्के सांगतं आणि तो वीसवर न्यायचं म्हणतं. माणसं पाठवायचं उद्दिष्ट ठरतं, तर जखमी होऊन परतलेल्यांना सांभाळायची व्यवस्थाही त्याच बैठकीत ठरली पाहिजे.

आपल्या बाजूच्याही दोन गोष्टी आहेत, त्या लपवून चालणार नाहीत. जॉइनिंगच्या आधीच्या वैद्यकीय तपासणीत ब्लड प्रेशर, फिट, जुनं ऑपरेशन लपवायला एजंट शिकवतात आणि पोरं लपवतात. मुद्दाम लपवलेल्या आजाराला एमएलसीचं संरक्षण नाही. हृदयविकाराचा झटका आला की पहिला शोध त्या जुन्या कागदांचाच घेतला जातो. दुसरी गोष्ट परवाना नसलेल्या एजंटची. डीजी शिपिंगचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असलेल्या कंपनीलाच भरती करता येते, आणि नोकरी देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. तरी लाखो रुपये मोजून, टुरिस्ट व्हिसावर, आखातातल्या जुन्या बोटींवर पोरं पाठवली जातात. तिथं करार नाही, विमा नाही, कधी पगारही नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या मोजणीत २०२४ मध्ये जहाजांसह वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वाधिक भारतीय होते. अशा बोटीवर जखमी झालेल्या पोराचा दावा कुणावर लावायचा, हा प्रश्न माझ्याकडे येतो तेव्हा उत्तर देणं फार अवघड असतं.

समुद्रावर काम करणारे सगळेच काही सीडीसीवाले खलाशी नसतात, हेही विसरू नये. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांना राहायची सपाट बोट, बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, सत्तरहून अधिक गेली. त्यातले बरेचसे वेल्डर, फिटर, मदतनीस होते, कंत्राटदाराच्या खालच्या कंत्राटदाराकडचे. ओळख पटवण्यासाठी नातेवाइकांनी मुंबईत डीएनएचे नमुने दिले. ज्यांचं शरीर सापडत नाही त्यांच्या घरी तर 'सात वर्षं थांबा' असं सांगितलं जातं. सात वर्षं ही कायद्यानं मृत्यू गृहीत धरण्याची मुदत आहे. जहाजाची कागदपत्रं आणि सोबत्यांच्या साक्षी असतील तर त्याआधीही मृत्यू सिद्ध करता येतो. हे त्या घरांना कुणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्यात फौजेत गेलेल्या मुलाचं काही झालं तर घरच्यांनी कुठं जायचं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथं कागद समजावून सांगणारा माणूस असतो, पेन्शनचा अर्ज भरून घेणारा असतो. फाउंड्रीतल्या कामगाराला ईएसआय आहे. ऊसतोड मजुरांसाठीही महामंडळ झालं. खलाशाच्या घरासाठी अख्ख्या जिल्ह्यात एक टेबल नाही.

ते टेबल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मांडता येईल, आणि त्याला नवा कायदा लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्री असणं एवढ्यावरच मोफत वकील मिळतो, अपंग व्यक्तीलाही मिळतो. म्हणजे मेलेल्या खलाशाची बायको, आई आणि जायबंदी झालेला खलाशी स्वतः, तिघंही आजच पात्र आहेत. हवेत ते करार वाचू शकणारे, एमएलसी माहीत असलेले चार-पाच पॅनेल वकील. त्यांचं प्रशिक्षण डीजी शिपिंगनं आणि युनियननं मिळून करावं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही त्याच सर्किट बेंचच्या कक्षेत आहेत, तेव्हा तिन्ही जिल्ह्यांनी ते एकत्र चालवावं. तिथल्या मच्छीमारांनाही याचा उपयोग होईल, कारण मासेमारी बोटी एमएलसीच्या बाहेर आहेत आणि मासेमारीतल्या कामाचा २००७ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं अजून स्वीकारलेला नाही.

प्रत्येक आरपीएसएल कंपनीनं नोकरीच्या कराराची आणि विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत, भरपाईच्या तक्त्याच्या मराठी भाषांतरासह, मुलगा जहाजावर चढण्याआधी घरी पाठवली पाहिजे. २०२५ मध्ये संसदेनं १९५८ च्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदा केला आहे, त्याच्या नियमांत ही अट घालता येईल. तोवर घरच्यांनी स्वतःच प्रत मागून घ्यावी, मोबाइलवर फोटो का असेना. पोरांनी जखम झाल्या दिवशी जखमेचा, जागेचा, यंत्राचा फोटो काढून घरी पाठवावा, अपघाताच्या अहवालाची प्रत मागावी, सोबत्यांची नावं आणि नंबर लिहून ठेवावेत. कोऱ्या कागदावर सही करू नये. 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय तर नाहीच नाही.

आणि दाव्याच्या ठिकाणाबद्दल: केंद्र सरकारनं सामाजिक सुरक्षा संहितेखाली स्पष्ट करावं की अपघात जगाच्या पाठीवर कुठंही झाला तरी खलाशी किंवा त्याचे वारस राहतात तिथं दावा लावता येईल. बेंचसाठी लढताना आपण जो युक्तिवाद चाळीस वर्षं केला तोच इथं लागू आहे, एका अक्षराचाही फरक नाही. म्हणून याची पहिली मागणी कोल्हापूर जिल्हा बार असोसिएशननं करावी. ठरावाचा मसुदा मी तयार केला आहे आणि येत्या सर्वसाधारण सभेत तो मांडणार आहे. ज्या घरांतलं कुणी बोटीवर जखमी झालं आहे किंवा परतलंच नाही, त्यांनी आपले कागद घेऊन त्या सभेला यावं.